जितकं जाळाल तितकं मिळवाल: उत्तर आयर्लंडच्या बॉयलर योजनेला आमदारांनी विचारलेले आणि न विचारलेले प्रश्न

लाकडाच्या पेलेट्स जाळून एक युनिट उष्णता मिळवायला खर्च साधारण 4.4 पेन्स. त्याच युनिटमागे सरकार देणार 5.9 पेन्स, तेही 20 वर्षं, आणि किती युनिटपर्यंत द्यायचे याला मर्यादा नाही. हे दोन्ही आकडे सरकारी सल्लागारांच्या कागदांत 2012 मध्येच होते. अधिकाऱ्यांनी ते कागद हाताळले, मंत्र्यांनी सही केली, विधानसभेने नियमावली मंजूर केली. एकातून दुसरा वजा करून कुणी पाहिलं नाही.

हे घडलं उत्तर आयर्लंडमध्ये, लाकूड जाळणारे बॉयलर बसवणाऱ्या व्यवसायांना पैसे देणाऱ्या एका सरकारी योजनेत. त्यातून पुढे तिथलं सरकार कोसळलं आणि तीन वर्षं विधानसभेचं कामकाज बंद पडलं. लोकप्रतिनिधींनी सरकारला प्रश्न विचारणं म्हणजे नेमकं काय आणि ते प्रश्न कधी विचारले तर उपयोगी पडतात, हे समजून घ्यायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. सबसिडी, पुरवणी मागण्या, लेखापरीक्षणाचे ताशेरे हे शब्द रोज वाचणाऱ्या मराठी वाचकाला त्यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

सरकार बेलफास्टचं, तिजोरी लंडनची

युनायटेड किंग्डममध्ये स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांची स्वतःची विधिमंडळं आणि सरकारं आहेत. वरवर पाहता आपल्या राज्यांसारखंच. पण आपल्या राज्यांचे अधिकार राज्यघटनेत लिहिलेले आहेत. तिकडे लंडनच्या संसदेने कायदा करून ते सोपवले आहेत, आणि वेळ आली तर संसद तिथल्या विषयावर स्वतः कायदा करू शकते. उत्तर आयर्लंडची सध्याची विधानसभा 1998 च्या गुड फ्रायडे करारातून उभी राहिली. बेलफास्टमधल्या स्टॉरमॉन्ट इथे ती भरते. ऊर्जा हा विषय स्कॉटलंड आणि वेल्सच्या बाबतीत बहुतांश लंडनने आपल्याकडेच ठेवला आहे. उत्तर आयर्लंडकडे मात्र तो सोपवलेला आहे. म्हणून ही योजना तिथलं सरकार स्वतः आखू शकलं.

या सरकारची घडण वेगळी आहे. ब्रिटनशी जोडून राहू इच्छिणारे आणि आयर्लंडशी एक होऊ इच्छिणारे, अशा दोन्ही समाजांनी मिळूनच राज्य करायचं, अशी करारातली अट आहे. फर्स्ट मिनिस्टर एका बाजूचा, डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर दुसऱ्या बाजूचा. नावात ‘डेप्युटी’ असलं तरी अधिकार अगदी समान, आणि एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. अनेक वर्षांच्या रक्तपातानंतर हे गरजेचं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की सगळे मोठे पक्ष एकदम सत्तेत बसले. अधिकृत विरोधी पक्ष ही सोयच 2016 पर्यंत नव्हती. सभागृहात मंत्र्याला प्रश्न विचारणारा आमदार बहुधा सत्तेतल्याच कुठल्यातरी पक्षाचा असे. छोट्या पक्षांचे मूठभर आमदार तेवढे बाहेर होते.

आता पैशाचं. तिथल्या सरकारचा बहुतेक खर्च लंडनहून येणाऱ्या एकगठ्ठा अनुदानावर चालतो. ही रक्कम ठरलेली असते. रुग्णालयाला जास्त दिले तर रस्त्याला कमी, हा हिशेब बेलफास्टनेच करायचा. याशिवाय दुसरा एक प्रवाह असतो. पेन्शनसारखा खर्च, ज्याचा आकडा आधी सांगता येत नाही, तो मागणीप्रमाणे लंडन भरत जातं. बॉयलर योजनेचे पैसे या दुसऱ्या प्रवाहातून येणार होते, पण एका अटीसह. ब्रिटनमधल्या अशाच योजनेच्या खर्चाच्या साधारण 3 टक्के, म्हणजे चार वर्षांसाठी मिळून अडीच कोटी पौंड, एवढीच उत्तर आयर्लंडची मर्यादा. त्यावर खर्च गेला तर भार एकगठ्ठा अनुदानावर, म्हणजे थेट शाळा-रुग्णालयांच्या पैशांवर. लंडनच्या अर्थखात्याने हे 2011 मध्येच ईमेलने कळवलं होतं.

तरीही खात्यात समज पक्का बसला की पैसे मागणीप्रमाणे येत राहतील. माझ्या मते पुढच्या सगळ्या घसरणीचं मूळ इथेच आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं असलं की हिशेब तपासायची घाई कुणालाच नसते. ज्यांच्या खिशाला चाट बसणार होती ते रुग्ण आणि विद्यार्थी त्या बैठकांत कुणाच्या लेखी नव्हते, कारण बिल लंडन भरणार असं सगळ्यांनी धरलं होतं.

99 किलोवॅटचा बॉयलर

योजनेचा हेतू चांगला होता. उत्तर आयर्लंडमधली सुमारे दोन तृतीयांश घरं तेल जाळून गरम होतात. लागणाऱ्या उष्णतेपैकी 10 टक्के 2020 पर्यंत नवीकरणीय स्रोतांतून मिळवायची, असं सरकारने ठरवलं. ब्रिटनने, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरती, 2011 मध्ये व्यवसायांसाठी अशीच योजना आणली होती. उत्तर आयर्लंडने नोव्हेंबर 2012 मध्ये तीच जवळपास जशीच्या तशी उचलली. खातं होतं उद्योग, व्यापार आणि गुंतवणूक. मंत्री होत्या ब्रिटनशी जोडून राहू इच्छिणाऱ्या डीयूपी पक्षाच्या आर्लीन फॉस्टर.

‘जवळपास’ या शब्दात सगळं आलं. ब्रिटनच्या योजनेत पूर्ण दर वर्षाला फक्त पहिल्या 1,314 तासांसाठी होता, म्हणजे वर्षाच्या 15 टक्के वेळेसाठी. त्यानंतर दर इंधनाच्या खर्चापेक्षाही खाली येई. मग उगीच बॉयलर चालू ठेवणारा स्वतःच्याच पदरचे पैसे घालवणार. उत्तर आयर्लंडने नियम उचलले आणि नेमका हा टप्पा गाळला.

याचा अर्थ एका बॉयलरवर लावून बघू. 99 किलोवॅटचा बॉयलर वर्षभर रात्रंदिवस चालवला तर 8,67,240 युनिट उष्णता होते. 5.9 पेन्सने गुणलं की वर्षाला 51,167 पौंड. 20 वर्षांत 10 लाख पौंडांच्या वर. टप्पा असता तर पूर्ण दराने मिळणारी वर्षाची रक्कम 7,675 पौंडांवर थांबली असती. शिवाय दर महागाईबरोबर वाढत गेला आणि पेलेट्स स्वस्त झाल्या. पुढे पुढे इंधनावर 1 पौंड घालवला की सरकारकडून सुमारे 1 पौंड 60 पेन्स हातात पडू लागले.

आणि 99 च का? कारण 100 किलोवॅटच्या वरच्या बॉयलरला दर होता अवघा 1.5 पेन्स. मग एका मोठ्या बॉयलरऐवजी 99 किलोवॅटचे दोन-तीन बॉयलर शेजारी शेजारी बसवणं कुणालाही सुचणारच. कोंबड्यांच्या शेडना ऊब खरोखर लागते, त्यामुळे कोंबडीपालकांनी ही योजना मोठ्या प्रमाणावर घेतली. त्यांतल्या बहुतेकांना मी दोष देणार नाही. सरकारने जाहीर केलेली, बँकेने कर्ज दिलेली, नियमात बसणारी योजना त्यांनी घेतली.

दुसरा रस्ता समोर नव्हता असंही नाही. बॉयलर बसवतानाच एकरकमी अनुदान द्यायचं आणि मोकळं व्हायचं, हा पर्याय सल्लागारांनी तपासला होता. त्यांच्याच हिशेबाने तो स्वस्त पडत होता. तो मागे पडला.

घंटा वाजत होती

ब्रिटनमध्ये ही योजना राबवणारी नियामक संस्था ऑफजेम उत्तर आयर्लंडचंही काम बघणार होती. तिच्या लोकांनी जून 2012 मध्ये, योजना सुरू होण्याआधीच सांगितलं होतं की खर्चावर लगाम घालणारे नियम ब्रिटन आणतंय, थोडं थांबा. खातं थांबलं नाही.

2013 मध्ये एका छोट्या उद्योजिकेने थेट मंत्र्यांना लिहिलं. ऊर्जा वाचवणारी उपकरणं विकणं हा तिचा व्यवसाय. गिऱ्हाईकं तिला सांगू लागली की आम्हाला ऊर्जा वाचवायचीच नाही, जाळली की पैसे मिळतात. बॉयलर वर्षभर चालू आणि खिडक्या सताड उघड्या, असं तिने पुढच्या पत्रव्यवहारात कळवलं. अधिकाऱ्यांनी तिला भेट दिली, पण तिचं म्हणणं त्यांना पटलं नाही. खुद्द बाजारात उभ्या असलेल्या बाईने फुकट दिलेला हा लेखापरीक्षण अहवाल होता. तो तेव्हा कुणी गंभीरपणे घेतला असता तर करोडो पौंड वाचले असते.

खात्याला त्या काळात काळजी होती ती उलटी. सुरुवातीला अर्ज कमी येत होते, निधी शिल्लक राहत होता, योजना चालत नाही असं वाटत होतं. खर्चाला आवर घालणारे नियम 2013 मध्ये विचारात घेतले गेले आणि पुढे ढकलले गेले. त्याऐवजी घरगुती ग्राहकांसाठीची योजना आधी आणली. 2014 च्या सुरुवातीला ठरलेला फेरआढावा झालाच नाही, कारण योजना माहीत असलेले अधिकारी थोड्या काळात एकामागून एक बदलून गेले होते आणि नव्यांपर्यंत ती नोंद पोचली नाही. अर्थखात्याची मंजुरी मार्च 2015 अखेरपर्यंतच होती. ती संपल्याचंही लक्षात न येता पैसे जात राहिले.

शेवटी 2015 मध्ये खर्च उसळला तेव्हा दर कमी करायचं ठरलं. आता मंत्री होते त्याच पक्षाचे जोनाथन बेल. बदल व्हायचा होता ऑक्टोबरात, झाला 18 नोव्हेंबरला. दर उतरणार ही कुणकुण बाजाराला आधीच लागली होती आणि त्या काही आठवड्यांत हजाराच्या आसपास अर्ज येऊन पडले. योजनेला आयुष्यभरात मिळालेल्या दोन हजारांहून अधिक बॉयलरांपैकी जवळजवळ निम्मे. 29 फेब्रुवारी 2016 ला योजना नव्या अर्जांसाठी बंद झाली. जुन्यांना दिलेलं 20 वर्षांचं वचन मात्र कायम होतं.

आमदारांच्या हातात काय काय असतं

स्टॉरमॉन्टच्या आमदाराकडे असलेली आयुधं आपल्या विधानसभेत बसणाऱ्याला परकी वाटणार नाहीत. मंत्र्याला सभागृहात तोंडी प्रश्न. लेखी प्रश्न, ज्याला लेखी उत्तर मिळतं. प्रत्येक खात्यावर नजर ठेवणारी समिती. आणि लोकलेखा समिती. ही समिती आपल्याकडेही ब्रिटिश परंपरेतूनच आली. महाराष्ट्रात कॅगचा अहवाल सभागृहात मांडला की पुढची छाननी तिच्याकडे जाते.

यातलं सर्वांत धारदार हत्यार लोकलेखा समितीचं. तिच्यापुढे उत्तर द्यायला येतो तो खात्याचा सर्वोच्च सनदी अधिकारी. खात्याच्या पै-पैशाला तो व्यक्तिशः जबाबदार असतो. मंत्र्याने एखादा खर्च करायला सांगितला आणि तो खर्च वाया जाणार असं त्याला वाटलं, तर त्याने लेखी आदेश मागायचा असतो. तो आदेश कागदावर राहतो आणि मग जबाबदारी मंत्र्याची. प्रश्न विचारणाऱ्याला पकडायला दोरा मिळावा, हा त्यामागचा विचार. विधानसभेला साक्षीदार आणि कागदपत्रं हजर करायला लावण्याचा कायदेशीर अधिकारही आहे.

पण हे सगळं कागदावर अवलंबून आहे, आणि तिथेच मोठं भोक होतं. पुढे चौकशीत उत्तर आयर्लंडच्या सनदी सेवेचे प्रमुख डेव्हिड स्टर्लिंग यांनी सांगितलं की मंत्र्यांबरोबरच्या बैठकांचं इतिवृत्त लिहिण्याची शिस्तच ढिली पडली होती. सत्तेतले दोन मोठे पक्ष टीकेबद्दल हळवे होते आणि माहितीच्या अधिकारात कागद बाहेर येऊ शकतात हे सगळ्यांच्या डोक्यात होतं, असं कारण त्यांनी दिलं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. बैठकीची नोंदच नसेल तर आमदार विचारणार काय आणि कशाच्या आधारावर?

दुसरा मुद्दा प्रश्नाच्या घडणीचा. समजा 2013 मध्ये एखाद्या आमदाराने विचारलं असतं, ‘योजनेत किती बॉयलर बसले आणि किती रक्कम वाटली?’ उत्तर आलं असतं: इतके बॉयलर, इतके पौंड. आकडा सभागृहाच्या नोंदीत गेला असता आणि विषय संपला असता. त्याच आमदाराने ‘एका युनिटला इंधनाचा खर्च किती आणि आपण देतो किती?’ असं विचारलं असतं, तर मंत्र्याला 4.4 आणि 5.9 हे आकडे एका ओळीत द्यावे लागले असते. ‘ठरलेल्या निधीपेक्षा खर्च वाढला तर जादा पैसे कोण देणार, आणि तसं लंडनने लेखी कळवलं आहे का?’ या प्रश्नाने 2011 चा तो ईमेल बाहेर आला असता. ‘ब्रिटनच्या योजनेतला कुठला नियम आपण घेतला नाही आणि का?’ एवढ्या एका प्रश्नातही काम झालं असतं. हे प्रश्न विचारायला ऊर्जाशास्त्र लागत नाही, शाळेतलं गणित आणि थोडा चिवटपणा पुरतो.

मग खरे प्रश्न सुरू झाले

जानेवारी 2016 मध्ये एक निनावी पत्र आलं होतं: एक शेतकरी रिकामी शेड गरम करतोय आणि 20 वर्षांत त्यातून 10 लाख पौंड मिळवायचा त्याचा बेत आहे. आपण वर केलेल्या गुणाकाराशी हा आकडा जुळतो. जुलै 2016 मध्ये महालेखापरीक्षक किरन डॉनेली यांचा अहवाल आला आणि त्यात ही तक्रारही छापली गेली.

योगायोग असा की त्याच वर्षी कायदा बदलून अधिकृत विरोधी पक्षाची सोय झाली होती. मे 2016 च्या निवडणुकीनंतर अल्स्टर युनियनिस्ट आणि एसडीएलपी हे दोन पक्ष सत्तेबाहेर बसले. लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले अल्स्टर युनियनिस्टांचे रॉबिन स्वॉन. सत्तेत वाटा नसलेला माणूस खुर्चीत, लेखापरीक्षकाचा अहवाल हातात आणि समोर खात्याचे सचिव. शरद ऋतूतल्या त्या सुनावण्यांत वर्षानुवर्षं दबलेले तपशील भराभर बाहेर आले. तीच विधानसभा, तोच कायदा, पण विचारणाऱ्याची जागा बदलली होती. मला तरी यात निव्वळ योगायोगापेक्षा जास्त दिसतं.

डिसेंबरमध्ये टीव्हीवर हे प्रकरण गाजलं आणि 20 वर्षांत 49 कोटी पौंडांचा जादा बोजा पडेल, हा अंदाज घराघरांत पोचला. फॉस्टर तोपर्यंत फर्स्ट मिनिस्टर झाल्या होत्या. 19 डिसेंबरला त्यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला. बाजूने 39 मतं, विरोधात 36. तरीही ठराव पडला, कारण अशा ठरावाला दोन्ही समाजांच्या आमदारांचं बहुमत वेगवेगळं लागतं. 9 जानेवारी 2017 ला डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर, आयर्लंडशी एक होऊ इच्छिणाऱ्या शिन फेन पक्षाचे मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि नियमाप्रमाणे फॉस्टर यांचंही पद गेलं. कारणं आणखीही होती, पण ठिणगी बॉयलरची. मार्चमध्ये निवडणूक झाली, पण सरकार काही बनेना. विधानसभेचं कामकाज सुरू व्हायला 11 जानेवारी 2020 उजाडलं.

निवृत्त न्यायमूर्ती सर पॅट्रिक कॉगलिन यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी बसली. फॉस्टर यांनी तिथे कबूल केलं की आपण ती नियमावली वाचली नव्हती. अहवाल 13 मार्च 2020 ला आला. 319 निष्कर्ष आणि 44 शिफारशी. भ्रष्टाचाराचा मोठा कट सापडेल अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांची निराशा झाली. चुका आणि दुर्लक्ष यांची वर्षानुवर्षं साचत गेलेली रास, आणि छोट्या सरकारच्या आवाक्याबाहेरचं काम हाती घेणं, असं मुख्य निदान निघालं. हे मला जास्त काळजीचं वाटतं. चोर असेल तर त्याला पकडता येतं. इथे प्रत्येकाने आपलं काम दुसऱ्याने केलंय असं धरलं. अधिकाऱ्यांनी सल्लागारांवर, मंत्र्यांनी अधिकाऱ्यांवर आणि विधानसभेने मंत्र्यांवर विसंबून सही केली.

बिल कुणी भरलं

हा भाग बातम्यांत कमी येतो. खर्च आटोक्यात आणायला 2017 मध्ये जुन्या बॉयलरधारकांचेही दर कापले गेले आणि 2019 मध्ये पुन्हा, जबर. ठरावीक बॉयलरला वर्षाला मिळणारी रक्कम 13,000 पौंडांवरून 2,000 च्या घरात आली. 20 वर्षांचं सरकारी वचन धरून बँकेचं कर्ज काढलेले, शेडपुरतीच ऊब वापरणारे प्रामाणिक शेतकरीही त्याच कात्रीत सापडले. त्यांनी कोर्टाचे दरवाजे ठोठावले, पण कपात कायम राहिली.

आणि 2019 ची ही कपात केली कुणी? लंडनच्या संसदेने, कारण स्टॉरमॉन्टला कुलूप होतं. दर का कापला, किती कापला, ब्रिटनमधल्या शेतकऱ्याला मिळतो त्यापेक्षा कमी का, हे विचारायला त्या शेतकऱ्यांना बेलफास्टमध्ये कामकाज चालवणारा एकही आमदार नव्हता. लंडनच्या हाऊस ऑफ कॉमन्समधल्या उत्तर आयर्लंडविषयक समितीने मग तो विषय हाती घेतला.

टीयूव्ही या छोट्या पक्षाचे आमदार जिम ॲलिस्टर यांनी खासगी विधेयक मांडलं आणि 2021 मध्ये ते मंजूर करून घेतलं. मंत्र्यांनी सरकारी कामासाठी घेतलेल्या बैठकांची लेखी नोंद ठेवणं आता तिथे कायद्याने बंधनकारक आहे. सरकारी विधेयक म्हणून ते आलं नाही, एकट्या आमदाराने ते रेटून नेलं. त्यानंतर मे 2022 च्या निवडणुकीपासून फेब्रुवारी 2024 पर्यंत, वेगळ्या वादावरून, विधानसभा पुन्हा बंद राहिली. त्या काळात खाती चालू होती, खर्च होत होता आणि लोकलेखा समिती अस्तित्वातच नव्हती.